थोर माणसे कोठे थांबतात?

घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जाणाऱ्या वस्तूंत दागिने, तांब्यापितळेची भांडी व जुन्या पोथ्या यांच्या जोडीस आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे एखाद्या थोर व्यक्तीच्या अवचित भेटीची हकीकत. आजोबांना स्टेशनावर कोणी पुढारी दिसलेले असतात. आत्याबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर नाटकगृहात कोणी विख्यात गायिका येऊन बसलेली असते. काकांनी कॉलेजात असताना एखाद्या कवीची विसरलेली छत्री धावत जाऊन परत दिलेली असते. सणावारी पंगत उठली, सुपारी कातरली जाऊ लागली, की ही हकीकत निघावयाचीच. ऐकणाऱ्यांस ती तोंडपाठ असते, तरी कोणी उठून जात नाही. या हकीकतींचा एक स्वभावच असा की, दर खेपेस भेट थोडी लांबते. आरंभी नुसती नजरानजर असते. काही वर्षांनी तीत नमस्काराची भर पडते. आणि नातवंडांच्या कानी पडेपर्यंत त्या थोर पुरुषाने खांद्यावर हात ठेवून घरच्या मंडळींचे कुशलही विचारलेले असते.

यात हसण्यासारखे असले, तरी टाकून देण्यासारखे काही नाही. ज्याच्या मनात थोरवीविषयी आदर आहे, तोच अशा भेटीची आठवण बाळगतो. परंतु या हकीकतींत एक उणीव हटकून आढळते. त्या सांगणाऱ्याभोवतीच फिरत राहतात. 'आम्हांस ते दिसले', 'त्यांनी आमच्याकडे पाहिले', 'ते आमच्याशी बोलले' येथेच त्या संपतात. ज्याची थोरवी म्हणून ही गोष्ट सांगावयाची, तो थोर कशामुळे, याचा तीत मागमूसही नसतो.

आमच्या कोल्हापुरात तर अशा हकीकतींस तोटा नाही. महाद्वारापासून रंकाळ्यापर्यंतचे जुने गाव पायी फिरता येण्याजोगे. दरबार, देऊळ, कॉलेज, तालमी, नाटकगृह आणि पुढे चित्रपटांचे स्टुडिओ ही सारी एकमेकांच्या हाकेच्या नसली तरी चालण्याच्या अंतरात वसलेली. न्यायमूर्ती रानड्यांचे बालपण येथे गेले. नामदार गोखल्यांनी कागल व कोल्हापूर येथे विद्यार्थिदशेची वर्षे काढली. राजाराम कॉलेजात माधव जूलियन यांनी व ना. सी. फडके यांनी अध्यापन केले. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली येथेच तयार होऊन बाहेर पडला, आणि १ जून १९२९ रोजी 'प्रभात फिल्म कंपनी'ही येथेच जन्मास आली. अशा गावात थोर माणूस रस्त्यात भेटणे हा योगायोग न राहता नित्याचा शेजार होतो.

तथापि या भेटींची जंत्री देण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या मते प्रश्न थोडा उलटा करून विचारावा. कोणता थोर माणूस आम्हांस दिसला, हे पुष्कळदा विचारून झाले. तो थोर माणूस स्वतः कोणासाठी थांबला, हे विचारून पाहिले म्हणजे जुन्याच हकीकतींतून काही निराळे हाती येते.

ओळख पटण्यापूर्वी

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रसिद्ध माणसाची खरी अवचित भेट पुष्कळांस होते, पण ती होऊन गेल्याचे त्यांस कळत नाही. कारण त्या वेळी तो माणूस प्रसिद्ध झालेला नसतो.

१९२०च्या सुमारास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एक विशीतला तरुण पडेल ते काम करीत होता. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. पुढे 'सावकारी पाश'मधला तरुण शेतकरी म्हणून लोकांनी त्यास पडद्यावर पाहिले, आणि मग 'प्रभात'च्या चित्रांमुळे व्ही. शांताराम हे नाव देशभर गाजले. परंतु त्या आरंभीच्या वर्षांत गावातल्या गल्ल्यांतून जाणाऱ्या त्या पोराकडे मान वळवून कोण पाहणार?

मास्टर दीनानाथ एप्रिल १९४२ मध्ये निवर्तले. त्यानंतर त्यांची थोरली मुलगी, वय पुरते तेरा वर्षेही नव्हते अशी, मास्टर विनायकांच्या चित्रपटांत कामे करून कुटुंबाचा भार वाहू लागली. विनायकरावांची 'प्रफुल्ल पिक्चर्स' ही संस्था तेव्हा कोल्हापुरास होती. १९४५ साली संस्थेबरोबर मुंबईस जाण्यापूर्वी या मुलीचे वास्तव्य येथे होते. दोन वेण्या घातलेल्या अशा पुष्कळ मुली तेव्हा गावातून जात-येत होत्या. त्यांतली एक लता मंगेशकर होती, हे सांगावयास काळाला आणखी काही वर्षे लागली.

भाऊसाहेब खांडेकर १९३८ साली शिरोडे सोडून कोल्हापुरास आले व अखेरपर्यंत येथेच राहिले. त्यांची दृष्टी बालपणापासून अधू. त्यामुळे ते सांगत आणि लेखनिक उतरून घेई. याच काळात चित्रपटात काही काम मिळते का, हे पाहत कोल्हापुरास आलेल्या माडगूळच्या एका तरुणाने काही दिवस त्यांचे लेखनिकपण केले. त्याचे नाव गजानन दिगंबर माडगूळकर. खांडेकरांच्या भेटीस येणाऱ्या वाचकाची नजर अर्थातच खांडेकरांवर खिळलेली असावयाची. बाजूस लेखणी धरून बसलेल्या तरुणाकडे पाहण्यास त्यास सवड कोठून? परंतु त्याच तरुणाचे 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, तेव्हा घरोघर लोक ते ऐकावयास बसले. आणि त्यास चाली देणारे सुधीर फडके हेही जन्माने कोल्हापूरचेच. एका खोलीत दोन थोर माणसे असावीत आणि भेटीस आलेल्याने एकच पाहून परत जावे, असे किती वेळा घडले असेल!

याउलट वेळीच ओळखणाराही एखादा असतो. राजाराम कॉलेजात खाशाबा जाधव नावाचा गोळेश्वरचा विद्यार्थी होता. १९५२ साली हेल्सिंकी येथील ऑलिंपिकला जाण्यास त्याच्यापाशी पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आला. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पदक गळ्यात पडल्यावर त्यास हार घालावयास पुष्कळजण आले. पदक नव्हते तेव्हा त्याच्यासाठी घर गहाण टाकणारा एकच होता.

खिडकीखाली उभे राहिलेले खाँसाहेब

आता थोर माणसे स्वतः कोठे थांबली, ते पाहू.

उस्ताद अल्लादियाखाँसाहेब हे कोल्हापूर दरबारचे गवई. जयपूर-अत्रौली गायकीचे ते आद्य पुरुष. त्यांचे गाणे ऐकण्यासाठी लांबलांबून मंडळी येत. श्रीमहालक्ष्मीच्या देवळात त्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची सेवा रुजू होत असे, हे जुन्या कोल्हापूरकरांस नवे नाही. मुसलमान गवयाने अंबाबाईपुढे गावे आणि भाविकांनी ते प्रसादासारखे घ्यावे, यात त्या काळच्या या गावास काही वावगे वाटत नव्हते.

१९१९च्या सुमारास खाँसाहेब प्रकृतीच्या कारणाने सांगलीस येऊन राहिले होते. तेथे आबासाहेब सांबारे या नामांकित वैद्यांचे औषध चालू होते. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर एका घरातून एका मुलीच्या रियाजाचा आवाज ऐकू येई. ही मुलगी गोव्यातील कुर्डी गावची. आई वारलेली, नाटक कंपन्यांतून लहानसहान कामे करून पोट भरलेले, गाणे शिकावयाची तळमळ मोठी, पण शिकविणाऱ्याने मध्येच शिकवणे थांबविलेले. तेव्हा जे काही गळ्यात उतरले होते तेच ती एकटी बसून घोकीत होती. वाटेने जाणारे खाँसाहेब थांबून ऐकू लागले. एक दिवस ते जिना चढून वर गेले आणि त्यांनी तिला गावयास सांगितले. समोर कोण बसले आहे, हे त्या मुलीस ठाऊक नव्हते. गाणे ऐकून त्यांनी तिला शिकवावयास प्रारंभ केला. ते कोण आहेत, हे तिला मागाहून कळले.

ती मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. पुढे १९२२च्या सुमारास खाँसाहेब मुंबईस गेले तेव्हा विद्येच्या ओढीने त्याही तेथे गेल्या. नंतरच्या अडचणी, तालमीत पडलेले खंड आणि तरीही न सोडलेला रियाज ही कथा मोठी आहे. १९७४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी तीच विद्या पुढच्या पिढीस दिली.

या हकीकतीत अवचित भेट आहे, प्रसिद्ध पुरुष आहे, रस्ता आहे, घर आहे. आपल्या घरगुती हकीकतींत जे जे असते ते सर्व आहे. भेद इतकाच की, येथे पाहणारा थोर आहे आणि दिसणारी व्यक्ती अनामिक. त्या घरावरून सांगलीचे किती लोक रोज गेले असतील! आवाज त्यांच्याही कानी पडला असेलच. 'कोणी नाटकातली मुलगी गाते आहे' एवढे मनाशी म्हणून ते पुढे गेले असतील. त्या काळी गाणाऱ्या बाईविषयी प्रतिष्ठित घरांत काय बोलले जाई, ते येथे उगाळण्याचे कारण नाही. खाँसाहेबांनी मात्र तिचे कूळ विचारले नाही, सूर ऐकला.

भाऊसिंगजी रोडवरील चहा

आता ज्या थोर पुरुषाचे नाव घेतल्याखेरीज कोल्हापूरची कोणतीही हकीकत पुरी होत नाही, त्यांच्याकडे वळू. छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यसूत्रे हाती घेतली, व ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. हा राजा पडद्याआड राहणारा नव्हता. तो शिकारीस जाई, तालमीत बसे, गाडी हाकीत गावातून फिरे, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोले. 'महाराज आमच्या पणजोबांना भेटले होते' असे न सांगणारे कुटुंब जुन्या कोल्हापुरात विरळाच.

ब्राह्मण कुटुंबांतून मात्र ही हकीकत पुष्कळ वर्षे निराळ्या सुरात सांगितली गेली, हे स्पष्ट बोलले पाहिजे. पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळी महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघडकीस आले, आणि त्यातून जे वेदोक्त प्रकरण उद्भवले त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी गावात दोन तट पाडले. राजोपाध्यांची वतने गेली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी दरबारच्या नोकऱ्यांत शेकडा पन्नास जागा राखून ठेवल्या, त्यामुळे कटुता वाढली. पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी महाराजांविषयी रागाचेच शब्द असत.

त्याच काळातील एक गोष्ट मात्र त्या घरांतून फारशी सांगितली गेली नाही. नारायण श्रीपाद राजहंस या नावाच्या ब्राह्मण मुलाचा गळा महाराजांच्या कानी पडला. मुलास कानाचा विकार होता. महाराजांनी त्यास उपचारासाठी मिरजेस डॉक्टर वानलेस यांच्या इस्पितळात पाठविले. तेथूनच त्याचा किर्लोस्कर नाटक मंडळीशी संबंध जुळून तो १९०५ साली रंगभूमीवर आला, आणि महाराष्ट्रास बालगंधर्व लाभले. वेदोक्ताचे वादळ निवळलेले नसताना महाराज त्या मुलापाशी थांबले. येथेही जात आडवी आली नाही; गळाच पाहिला गेला.

यापेक्षाही अधिक बोलकी हकीकत गंगाराम कांबळे यांची आहे. हे अस्पृश्य समाजातील गृहस्थ सरकारी पागेत नोकरीस होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाचे पाणी घेतल्यावरून त्यांस इतर नोकरांनी बेदम मारले. महाराजांस हे कळताच त्यांनी मारणाऱ्यांस शासन केले, आणि गंगारामांस स्वतःचा धंदा काढण्यास सांगून त्यासाठी मदत दिली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास स्पृश्यांपैकी कोण येणार? तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापुढे थांबविण्याचा परिपाठ ठेवला. भर रस्त्यात मोठ्याने हाक मारून ते चहा मागवीत, सर्वांदेखत पीत, आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत.

त्या एका कपाची किंमत आजच्या तरुण वाचकांस सहज कळणार नाही. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला, त्यात रानडे, टिळक व गोखले होते. त्या चहावरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसे गेले आणि प्रायश्चित्तांचा प्रश्न कसा उपस्थित झाला, हे इतिहासात नमूद आहे. ज्या समाजात अशा पुरुषांनाही एका पेल्याचा हिशेब द्यावा लागला, त्याच समाजात एका राजाने रोजच्या रहदारीच्या रस्त्यावर हा पेला ओठास लावला. गंगारामांनी ते उपकार स्मरणात ठेवले. महाराजांच्या पश्चात त्यांचे पहिले स्मारक नर्सरी बागेत उभे राहिले, ते याच चहावाल्याच्या पुढाकाराने.

महाराजांचे असे थांबणे कोल्हापुरापुरतेही नव्हते. मुंबईस परळच्या चाळीत राहणाऱ्या एका तरुण, विद्वान प्राध्यापकाचे नाव कानी येताच ते स्वतः त्याच्या बिऱ्हाडी गेले. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत, हा तुमचा पुढारी, असे त्यांनी तेथे जमलेल्या लोकांस सांगितले. त्या वेळी भीमराव आंबेडकर हे नाव सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांस माहीत होते.

आता जरा त्या भाऊसिंगजी रोडची कल्पना करावी. गाडी थांबलेली आहे, महाराज चहा पीत आहेत, आणि रस्त्याने नेहमीची माणसे जात-येत आहेत. त्यांत पंचे नेसून पंचगंगेहून परतणारे असतील, कचेरीस निघालेले कारकून असतील, शाळेस निघालेली मुले असतील. पुढे यांपैकी प्रत्येकाने घरी सांगितले असेल, 'आज महाराज दिसले.' हे सांगणे खोटे नव्हते. परंतु किती जणांनी तेथे थांबून एक कप चहा मागितला असेल? राजाची भेट त्यांस झाली, आणि तरी ज्या कामासाठी राजा थांबला होता त्याची भेट राहूनच गेली.

आपल्या दारापुरते

वाचक म्हणतील, या जुन्या गोष्टी झाल्या. आज अस्पृश्यता कायद्याने गेली, हॉटेलात कोणी कोणाची जात विचारीत नाही. ते खरेच आहे. आज थोर माणूस दिसला तर त्याच्याशी बोलण्याऐवजी त्याच्या शेजारी उभे राहून मोबाईलवर छायाचित्र घेण्याची घाई असते. आमचा त्यासही विशेष विरोध नाही. आजोबांची लांबत जाणारी हकीकत आणि नातवाचे छायाचित्र यांत मूळ हौस एकच. फक्त सार्वजनिक माणूसही घास गिळीत असतो, आजारी नातलगास भेटावयास आलेला असतो, कधी नुसताच थकलेला असतो, एवढे भान मुलांस द्यावे. दुरून केलेला नमस्कारही पोहोचतो.

परंतु आमचे म्हणणे याहून पुढचे आहे. अनेक सुशिक्षित घरांत कामास येणाऱ्या बाईंचा कप अजूनही वेगळा ठेवलेला असतो. तो धुऊन निराळ्या कोनाड्यात पालथा घातला जातो. कोणी विचारलेच तर स्वच्छतेचे कारण पुढे केले जाते. पण पाहुण्यांचे कप मात्र एकत्रच विसळले जातात. ज्या घरातील शोकेसवर शाहू महाराजांचे चरित्र व आंबेडकरांचे ग्रंथ मांडलेले आहेत, तेथेही हा कप आढळतो. त्या घरातील मंडळी कोणी दुष्ट नसतात. वर्षानुवर्षे तो कप तेथे आहे, आणि त्यापाशी कोणी थांबले नाही, एवढेच.

त्याच बाईंबरोबर सुटीच्या दिवशी कधी त्यांची मुलगी येते. आई भांडी घासते तोवर ती पायरीवर बसून काही गुणगुणते, वर्तमानपत्रातील चित्रे पाहून जुन्या वहीच्या पाठीमागे रेघोट्या ओढते, किंवा आपल्या मुलाचे अडलेले गणित दुरून पाहून हळूच उत्तर सांगते. तिच्यात मोगूबाई असेलच, असे कोणी सांगावे? बहुधा नसेल. पण खाँसाहेबांना तरी पहिल्या दिवशी काय ठाऊक होते? त्यांनी ऐकण्यापुरता वेळ काढला, त्यानंतर पुढचे सारे घडले. ज्या घरात दोन जास्तीची पुस्तके, एक पेटी किंवा संध्याकाळचा अर्धा तास आहे, त्या घरास एवढे थांबणे परवडण्यासारखे आहे.

एकत्र कुटुंबात मुले मोठ्यांच्या सांगण्यापेक्षा त्यांच्या वागण्यावरूनच शिकतात. आजीने आपल्याच कपांतला एक कप भरून कामवाल्या बाईंच्या हाती दिला व त्यांना समोरच्या पाटावर बसावयास सांगितले, तर नातवंडांस शाहू महाराजांची गोष्ट निराळी सांगावी लागणार नाही. पुढे ती मुले आपल्या नातवंडांस घरातील थोर भेटीची हकीकत सांगतील, तेव्हा तीत कोणी पुढारी अगर नट नसला तरी चालेल. 'आमच्या आजीने त्या मुलीस पहिली वही आणून दिली' असा तिचा आरंभ असला, तर सुपारी कातरता कातरता ती कितीदाही ऐकावीशी वाटेल.